डिझाइन सायन्स पद्धतीने डिजिटल साधन कसे घडवावे आणि कसे तपासावे: नव्या संशोधकांसाठी मार्गदर्शक

संगणकशास्त्र, व्यवस्थापन, कृषी विस्तार किंवा ग्रंथालयशास्त्र शिकणारा विद्यार्थी जेव्हा एखादे डिजिटल साधन तयार करून त्यावरच प्रबंध लिहायचे ठरवतो, तेव्हा पहिल्याच प्रगती-बैठकीत त्याला बहुधा एक प्रश्न ऐकावा लागतो: अ‍ॅप तर कोणीही करून देईल, यात संशोधन कुठे आहे? नागपुरात माझ्या बैठकीत हा प्रश्न आला, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. चालते अ‍ॅप दाखवले की परीक्षकांना आपोआप पटेल असे मी धरून चाललो होतो, आणि त्या समजुतीपायी संत्र्याचा एक अख्खा बहार, म्हणजे माझ्या चाचणीचा एक हंगाम, हातचा गेला. तुमचा तेवढा काळ वाचावा म्हणून हे लिहीत आहे.

उत्तर असे आहे की संशोधन साधनात नसून साधन बदलत गेल्याच्या कारणांत असते. साधन घडवून तपासण्याच्या प्रत्येक फेरीआधी तुम्ही काय अपेक्षिले होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि त्यावरून रचना का बदलली, हे जर तारखेसह लिहिलेले असेल तर ते संशोधन. नसेल तर ती केवळ बांधणी. असे घडवत आणि तपासत ज्ञान मिळवण्याच्या पद्धतीला डिझाइन सायन्स म्हणतात, आणि पुढच्या सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत.

उदाहरण म्हणून मी माझेच काम घेतो. काटोल आणि कळमेश्वर भागातील संत्रा उत्पादकांना फवारणीची नोंद ठेवता यावी, कोणते औषध कधी मारले आणि फळ उतरवण्यापूर्वी किती दिवस थांबायचे हे कळावे, यासाठी मोबाइलवरचे साधन करणे हा माझा विषय होता. तुमचा विषय रुग्णालयातील रांगेचा असो की ग्रंथालयातील शोधाचा, पायऱ्या त्याच राहतात.

पद्धतीची पार्श्वभूमी थोडक्यात

माणसाने घडवलेल्या वस्तूंचा अभ्यास हेही एक शास्त्र होऊ शकते, हा विचार हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली ठळकपणे मांडला. माहिती-प्रणालींच्या क्षेत्रात तो रुजला तो मुख्यतः २००४ साली हेवनर, मार्च, पार्क आणि राम यांच्या लेखामुळे, ज्यात अशा संशोधनासाठी सात मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. २००७ साली पेफर्स आणि सहकाऱ्यांनी कामाचे सहा टप्पे मांडले: समस्या ओळखणे, उद्दिष्टे ठरवणे, रचना आणि बांधणी, प्रात्यक्षिक, मूल्यमापन आणि निष्कर्षांचे संप्रेषण. त्याच वर्षी हेवनर यांनी तीन चक्रांची मांडणी केली. पहिले चक्र प्रत्यक्ष जगातील गरजेशी जोडलेले, दुसरे आधीच्या ज्ञानाशी जोडलेले, आणि मधले रचना-मूल्यमापनाचे, जे सर्वांत वेगाने फिरते. इंग्रजी लेखनात ज्याला आर्टिफॅक्ट म्हणतात त्याला मी पुढे ‘निर्मिती’ म्हणेन. मार्च आणि स्मिथ यांच्या १९९५ च्या वर्गीकरणानुसार संकल्पना, प्रारूप, पद्धत आणि चालते साधन या चारही गोष्टी निर्मितीच असतात, म्हणून प्रबंधात अ‍ॅपच असले पाहिजे असे नाही.

सुरुवातीलाच जवळ ठेवायच्या गोष्टी

कागदपत्रे: एका पानाचे समस्या-निवेदन, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतील माहितीपत्रक आणि संमतीपत्र, चाचणीचा आराखडा, निरीक्षणपत्रक, आणि निर्णयवही. निर्णयवही म्हणजे पाने क्रमांकित केलेली साधी वही किंवा तारीख आपोआप नोंदवणारी फाइल. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

साधने: कोरे कागद आणि जाड स्केचपेन, पडद्यांचे आराखडे काढण्यासाठी फिग्मासारखे साधन, आवृत्त्या जपण्यासाठी गिट, इंटरनेट नसतानाही माहिती भरता येईल असे ओडीकेसारखे साधन, ध्वनिमुद्रक, आणि एक जुना, कमी क्षमतेचा अँड्रॉइड फोन. या शेवटच्या वस्तूवर काटकसर करू नका. आपल्या नव्या फोनवर सुरळीत चालणारे साधन बगीच्यात कसे अडखळते, हे त्या जुन्या फोनवरच दिसते.

पायरी १: समस्या कोणाची आहे ते शोधा

बहुतेकांचा पाय घसरतो तो इथेच. आपण घरी बसून समस्या लिहितो आणि मग ती खरी ठरवण्यासाठी माणसे शोधतो. माझे पहिले निवेदन ‘शेतकऱ्यांना फवारणीच्या नोंदींचे महत्त्व माहीत नाही’ असे होते. पहिल्या चार मुलाखतींतच ते कोसळले. महत्त्व सगळ्यांना माहीत होते, आणि काहींनी तर घराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर तारखाही लिहिल्या होत्या. अडचण निराळीच होती. फवारणी करणारा मजूर, औषध आणणारा मालक, आणि स्मार्टफोन बाळगणारा मुलगा ही तीन वेगवेगळी माणसे होती, आणि मुलगा पुष्कळदा नोकरी-शिक्षणासाठी नागपुरात राहत होता. नोंद ज्या क्षणी व्हायला हवी, त्या क्षणी फोन बगीच्यात नव्हताच.

म्हणून पहिल्या मुलाखतींत ‘तुम्हाला असे अ‍ॅप आवडेल का’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका. त्याऐवजी ‘मागची फवारणी केव्हा केली, औषध कोणी आणले, मात्रा कशी ठरवली, ते कुठे लिहिले’ असे झालेल्या घटनेचे प्रश्न विचारा. आवडीचे उत्तर सौजन्यातून येते. घडलेल्या गोष्टीचे उत्तर आठवणीतून येते, आणि तेच कामाचे असते. शक्य असेल तर एक संपूर्ण फवारणी स्वतः उभे राहून पाहा. कृषी केंद्रावर औषध घेतले जाते तिथपासून, पंप धुतला जातो तिथपर्यंत.

समस्या-निवेदनात चार गोष्टी असाव्यात: अडचण कोणाला येते, कोणत्या प्रसंगी येते, आज ती कशी निभावली जाते, आणि त्या निभावण्यात नेमके काय नुकसान होते. आजच्या उपायाचा उल्लेख सर्वांत जास्त वेळा राहून जातो, आणि परीक्षक नेमके त्यावरच बोट ठेवतात, कारण तुमच्या साधनाची खरी स्पर्धा त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी असते.

पायरी २: उद्दिष्टे तपासता येतील अशी लिहा

‘वापरण्यास सोपे साधन करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते कधीच खोटे ठरू शकत नाही. ‘ज्याने हे साधन आधी पाहिलेले नाही, असा उत्पादक कोणाच्याही मदतीशिवाय एका फवारणीची नोंद दोन मिनिटांत पूर्ण करील’ हे उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून ते तपासता येते आणि ते चुकूही शकते. अशी तीन ते पाच उद्दिष्टे पुरेत. प्रत्येकासमोर ते कशावरून आले ते लिहा, म्हणजे कोणत्या मुलाखतीतून, निरीक्षणातून की आधीच्या संशोधनातून.

पायरी ३: आधीच्या ज्ञानाशी नाते ठरवा

ग्रेगर आणि हेवनर यांनी २०१३ साली एक उपयुक्त चौकट दिली. समस्या जुनी की नवी, आणि उपाय जुना की नवा, या दोन प्रश्नांतून चार घरे तयार होतात. नव्या समस्येला नवा उपाय म्हणजे नवशोध. जुन्या समस्येला नवा उपाय म्हणजे सुधारणा. माहीत असलेला उपाय नव्या समस्येकडे नेणे हे तिसरे. आणि जुन्या समस्येला जुनाच उपाय म्हणजे नेहमीचे बांधकाम, ज्यातून सहसा नवे ज्ञान मिळत नाही. तुमचे काम कोणत्या घरात बसते ते आराखड्यातच लिहा. विद्यार्थ्यांची बरीच कामे दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात बसतात, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र प्रत्येक जण नवशोधाचा दावा करतो आणि तोंडी परीक्षेत तो टिकवताना दमून जातो.

पायरी ४: संमती आणि माहितीची जपणूक

माणसांवर चाचणी करायची असेल तर नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीपूर्वी हवी, नंतर मिळवलेली चालत नाही. म्हणजे ही पायरी इथे चौथी लिहिली असली, तरी मंजुरी पायरी १ च्या मुलाखतींआधीच मिळवायची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनासाठी सूट आहे, परंतु ती सरसकट नाही: त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली गेली पाहिजेत. त्यामुळे सूट आहे म्हणून संमती टाळावी असा विचारही करू नका. संमतीपत्र वाचून दाखवा आणि ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी वेगळी परवानगी घ्या. कोणते औषध किती मारले, ही माहिती उत्पादकासाठी नाजूक असते, कारण ती व्यापाऱ्यापर्यंत गेली तर फळाच्या भावावर परिणाम होईल अशी त्याला भीती वाटते. ती भीती रास्त मानूनच नावे पहिल्या दिवसापासून संकेतांकांनी बदला.

पायरी ५: पहिली फेरी कागदावर करा

कोड लिहिण्याची घाई करू नका. पडदे कागदावर काढा, समोरच्या माणसाला बोटाने ‘दाबायला’ सांगा, आणि पुढचा कागद तुम्ही स्वतः सरकवा. कागदाचा मोठा फायदा असा की समोरच्याला तो अपुरा दिसतो, म्हणून त्यावर बोलायला तो कचरत नाही. रंगीत, चकचकीत पडदा दाखवला की लोक तुमच्या मेहनतीचा मान राखू लागतात.

माझ्या कागदी नमुन्यात औषधाची मात्रा ‘प्रति लिटर मिलिलिटर’ अशी भरायची होती. पहिल्याच उत्पादकाने पेन हातात धरून विचारले, “पंपाले किती, ते कुठं लिहू जी?” बगीच्यात मात्रा मोजली जाते ती पंपाला किंवा मोठ्या झाडांसाठी दोनशे लिटरच्या ड्रमला. लिटरचा हिशेब तिथे कोणी करतच नाही. पंपाचा आकार एकदाच विचारायचा आणि पुढचा भागाकार साधनाने करायचा, हा बदल कागदावर दहा मिनिटांत झाला. तोच बदल कोड लिहून झाल्यावर करावा लागला असता, तर माहितीसाठ्याची सगळी रचना मोडावी लागली असती.

पायरी ६: निर्णयवही रोज लिहा

या पायरीला क्रमांक दिला आहे तो केवळ सोयीसाठी. प्रत्यक्षात ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालते. प्रत्येक नोंदीत पाच बाबी असाव्यात: तारीख आणि आवृत्ती, प्रश्न, चाचणीपूर्वीची अपेक्षा, चाचणीत काय दिसले, आणि निर्णय कारणासह. अपेक्षा चाचणीच्या आधी लिहिणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ती नंतर लिहिली की आपले मन नकळत निकालाशी जुळवून घेते आणि ‘मला हे वाटलेच होते’ असे प्रामाणिकपणेच म्हणू लागते.

माझ्या वहीतील एक नोंद नमुन्यादाखल देतो. प्रश्न: औषधांची यादी रासायनिक घटकाच्या नावाने द्यावी की बाजारातील नावाने? अपेक्षा: बाजारातील नावाने दिल्यास शोध लवकर लागेल. दिसले ते असे: एकच घटक अनेक नावांनी विकला जात असल्यामुळे यादी फार लांबली, आणि उत्पादक नावापेक्षा बाटलीच्या रूपावरून औषध ओळखत होते. निर्णय: यादी दुय्यम ठेवायची, लेबलचा फोटो आधी घ्यायचा, आणि घटकाचे नाव नंतर जोडायचे. अपेक्षा चुकली, आणि प्रबंधातील सर्वांत चांगले प्रकरण त्या चुकीतूनच उभे राहिले.

नाकारलेले पर्यायही जपून ठेवा. जुने आराखडे पुसू नका, आणि गिटमध्ये प्रत्येक चाचणीच्या आवृत्तीला खूण करा.

पायरी ७: मूल्यमापन कधी, कुठे आणि कोणावर

वेनेबल, प्रीस-हेये आणि बास्करव्हिल यांनी २०१६ साली मूल्यमापनाची जी मांडणी केली, तिच्यात दोन अक्ष आहेत. मूल्यमापन सुधारण्यासाठी आहे की अंतिम निवाड्यासाठी, हा एक. आणि ते कृत्रिम परिस्थितीत आहे की खऱ्या परिस्थितीत, हा दुसरा. सुरुवात सहसा सुधारणेसाठी आणि कृत्रिम परिस्थितीत होते, आणि शेवट निवाड्यासाठी व खऱ्या परिस्थितीत. जिथे खरा धोका माणसांच्या वापराचा आहे, तिथे मात्र प्रत्यक्ष मैदानात लवकर जावे. माझ्या बाबतीत तेच लागू होते आणि मी ते उशिरा ओळखले.

खऱ्या परिस्थितीचे वेळापत्रक तुमच्या हातात नसते. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. चाचणीचा हंगाम चुकला की पुढच्या बहाराची वाट पाहावी लागते. माझी मंजुरी रेंगाळली आणि साधन तयार असूनही फवारण्या संपून गेल्या. म्हणून आधी हंगामाचा तक्ता मांडा आणि त्यावरून उलट्या क्रमाने मंजुरीची तारीख काढा. शाळेसाठी साधन करत असाल तर परीक्षा, बँकेसाठी करत असाल तर मार्चअखेर, हाच हिशेब. नागपूरचा मे महिना मैदानी चाचणीसाठी टाळलेलाच बरा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, आणि कोणीही तुमच्यासाठी तिथे उभे राहू नये.

प्रत्यक्ष चाचणीत माणसाला काम द्या, सूचना देऊ नका. ‘काल तुम्ही जी फवारणी केली तिची नोंद करा’ एवढेच सांगा आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. तो अडला की तुमचा हात आपसूक पुढे जाईल, तो आवरा. किती वेळ अडला, कुठे मागे फिरला, कोणता शब्द दोनदा वाचला, हे निरीक्षणपत्रकात टिपा. चाचणीच्या शेवटी येणारे “चांगलं हाये जी” मनापासून स्वीकारा, पण पुरावा म्हणून वापरू नका. पुरावा म्हणजे आठवड्याने तुम्ही परत गेलात, तेव्हा मधल्या फवारणीची नोंद साधनात आहे की नाही.

किती माणसे घ्यावीत? पाच वापरकर्त्यांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचे विधान सर्रास उद्धृत होते, परंतु त्यामागील गृहीतक क्वचितच सांगितले जाते. एखादी अडचण एका वापरकर्त्याला जाणवण्याची सरासरी शक्यता ३१ टक्के धरली, तरच हा आकडा निघतो. ती शक्यता १० टक्के असेल तर पाच माणसांत जेमतेम ४१ टक्के अडचणी हाती लागतात. वयाने आणि शिक्षणाने विविध असलेल्या गटासाठी म्हणूनच प्रत्येक उपगटातून चार-पाच माणसे घ्या, आणि एकाच वेळी पंधरा जण घेण्यापेक्षा तीन फेऱ्यांत पाच-पाच घ्या, म्हणजे मधल्या दुरुस्तीचाही कस लागतो. निकाल लिहिताना आठ माणसांची टक्केवारी काढू नका. ‘८ पैकी ५’ असे लिहा.

पायरी ८: प्रश्नावलीचा मोह आणि तिची मर्यादा

सिस्टिम युजेबिलिटी स्केल ही साधन वापरायला किती सोपे वाटते ते मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केली आणि ती आजही सर्वाधिक वापरली जाते. प्रत्येक विधानाला १ (पूर्ण असहमत) ते ५ (पूर्ण सहमत) असे गुण असतात. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करायचे, बेरजेला २.५ ने गुणायचे, की ० ते १०० मधील आकडा मिळतो. अनेक अभ्यासांची सरासरी ६८ च्या आसपास येते. हा आकडा टक्केवारी नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

आपल्याकडील सापळा वेगळा आहे. सम क्रमांकाची विधाने नकारार्थी अर्थाची असतात, आणि ती वाचून दाखवली जात असताना मान राखणारा माणूस सगळ्यांनाच ‘सहमत’ म्हणत जातो. दहाही उत्तरे सारखीच असली, मग ती सगळी ५ असोत, ३ असोत की १, गुण बरोबर ५० येतो. तुमचे गुण ५० च्या आसपास रेंगाळत असतील तर साधन मध्यम आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मूळ उत्तरपत्रके उघडून पाहा. मराठी भाषांतर एकाने करावे, दुसऱ्याने ते मूळ न पाहता इंग्रजीत उलटवावे, आणि दोन्हींतील फरकांवर चर्चा करून अंतिम शब्द ठरवावेत. ‘सिस्टिम’साठी ‘प्रणाली’ हा शब्द कागदावर शोभतो, पण बगीच्यात ‘हे अ‍ॅप’ म्हटल्यावाचून विधान कळत नाही.

पायरी ९: फेऱ्या कुठे थांबवायच्या

सुधारणा संपत नाहीत, म्हणून थांबण्याची अट आधीच लिहून ठेवा. माझी अट अशी होती की सलग दोन फेऱ्यांत काम अडवणारी एकही नवी अडचण निघाली नाही आणि पायरी २ मधील उद्दिष्टे गाठली गेली, तर रचना गोठवायची आणि एका पूर्ण हंगामाचे अंतिम मूल्यमापन सुरू करायचे. त्या काळात साधनाला हात लावायचा नाही, अगदी बटणाचा रंगही नाही. अन्यथा हंगामाच्या सुरुवातीला एक साधन तपासले गेले आणि शेवटी दुसरे, असे होते. उद्दिष्ट गाठले गेले नाही तर तेही लिहा. दोन मिनिटांचे माझे उद्दिष्ट साठीच्या पुढच्या उत्पादकांच्या बाबतीत पूर्ण झाले नाही, आणि प्रबंधात ते तसेच नोंदले आहे.

पायरी १०: लेखन

प्रबंधात फेऱ्या क्रमाने मांडा, परंतु प्रत्येक फेरीचा शेवट रचना-तत्त्वाने करा. रचना-तत्त्व म्हणजे तुमच्या साधनापलीकडे लागू पडू शकेल असे कारणासह केलेले विधान. ‘आम्ही पंपाचा पर्याय दिला’ हे वर्णन झाले. ‘जिथे वापरकर्ता प्रमाण एककांऐवजी भांड्याच्या मापाने मोजतो, तिथे साधनाने भांड्याचे माप स्वीकारून रूपांतर स्वतः करावे, कारण नोंदीच्या क्षणी हिशेब करावा लागला की नोंद टाळली जाते’ हे रचना-तत्त्व झाले. माझ्या प्रबंधात अशी चारच तत्त्वे होती आणि ती पुरली.

परिशिष्टात मंजुरीपत्र, कोरे संमतीपत्र, निरीक्षणपत्रक, प्रश्नावलीची दोन्ही भाषांतील प्रत, आणि निर्णयवहीतील निवडक पाने जोडा. नावे झाकली आहेत ना, हे छपाईपूर्वी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण फोटोतील औषधाच्या पावतीवर उत्पादकाचे नाव असते आणि ते आपल्या नजरेतून सहज सुटते. तोंडी परीक्षेला जाताना मूळ वही सोबत न्या. ‘यात संशोधन कुठे आहे’ असे पुन्हा विचारले गेले, तर चुकलेल्या अपेक्षेचे पान उघडून समोर ठेवा.